माठ वाजवून घेतो, मग पाया का नाही?

आमची आजी उन्हाळ्यात माठ घ्यायला गेली की कुंभाराचं सगळं कौतुक शांतपणे ऐकून घेते आणि मग काही न बोलता बोट वाकवून माठावर टिचकी मारते. ‘टण्ण’ आवाज आला तर माठ घरी येतो. ‘बद्द’ आला तर आजी पुढच्या दुकानात! लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, अगं आजी, बाहेरून तर किती छान दिसतोय हा. तर म्हणाली, "दिसण्याचं काय घेऊन बसलीस? तडा आतून असतो."

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर माझ्या लक्षात आलं की आजी आयुष्यभर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगच करत आली आहे. वस्तू न फोडता आतली गोष्ट ओळखायची. आपल्याकडे परीक्षेत ही सहा मार्कांची शॉर्ट नोट असते. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक, प्रत्येकी एक आकृती, झालं. मीही तशीच पाठ केली होती आणि मला सहापैकी पाच मिळाले होते. तो कापलेला एक मार्क कशाचा, ते मला या उन्हाळ्यात ट्रेनिंगला गेल्यावर कळलं.

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी झाडलं की आईचे टोमणे, अशी माझी भाषा घडली आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि इंग्रजी शब्दांवर रागावू नका. ‘स्तंभिका’ असं लिहिलं तर आमच्या साइटवर एकालाही कळणार नाही. ‘पाइल’ मात्र मुकादमापासून मालकापर्यंत सगळ्यांना कळतो.

तर पाइल. जमिनीचा वरचा थर कमजोर असला की आपण बिल्डिंगचं ओझं खाली घट्ट थरापर्यंत नेतो. त्यासाठी जमिनीत खोल बोअर घ्यायचा, तो ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइटचं पाणी ठेवायचं, सळ्यांचा केज सोडायचा, मग ट्रेमी नावाचा लांब पाइप तळापर्यंत घालून काँक्रीट खालून वर भरत यायचं. काँक्रीट वर चढतं तसा चिखल वरून बाहेर पडतो. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात हे सगळं अंधारात, चिखलाच्या पाण्याखाली आणि बऱ्याचदा रात्री होतं. कॉलमचं शटरिंग काढलं की हनीकोंब दिसतो. सर ओरडतात, दुरुस्ती होते. पाइलचं शटरिंग म्हणजे साक्षात जमीन. ते कधीच निघत नाही. पाइलमध्ये माती घुसली, मधेच तो बारीक झाला, तळाशी गाळ राहिला, तरी वरून दिसतं ते फक्त गोल, स्वच्छ डोकं.

तुम्ही म्हणाल, मग लोड टेस्ट कशाला असते? बरोबर आहे. पण ती किती पाइलवर होते? आयएस २९११ च्या चौथ्या भागानुसार रूटीन टेस्ट साधारण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्के पाइलवर. म्हणजे दोनशे पाइल असतील तर एक ते चार! उरलेल्या एकशे शहाण्णव पाइलना कुणी हात तरी लावतं का? लावतं. हातोडी घेऊन. त्याला म्हणतात पाइल इंटिग्रिटी टेस्ट, आणि या कामासाठी आपल्याकडे २००१ साली आयएस १४८९३ ही स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. पाइलच्या एकसंधपणाबद्दल बहुतेक बिल्डिंगमध्ये जो काही पुरावा असतो, तो या हातोडीचाच.

टेस्ट दिसायला अगदी पोरखेळ आहे. काँक्रीट पुरेसं घट्ट झालं की पाइलच्या डोक्यावरचा कच्चा थर फोडून काढायचा, पृष्ठभाग साफ करायचा, मेणाने एक छोटा सेन्सर चिकटवायचा आणि लहान हातोडीने ठोका द्यायचा. ठोक्याची लाट खाली जाते, तळाला आपटून परत येते. सेन्सर ती परतल्याची वेळ सांगतो. चांगल्या काँक्रीटमध्ये ही लाट साधारण ४००० मीटर प्रति सेकंद वेगाने धावते. पाइल १८ मीटरचा असेल तर जाऊन-येऊन ३६ मीटर, म्हणजे ९ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो! मधे पाइल बारीक झाला असेल किंवा काँक्रीट भुसभुशीत असेल तर तिथूनच एक लाट लवकर परत येते आणि ग्राफवर ठोक्याच्याच बाजूला उंचवटा दिसतो. पाइल फुगला असेल तर उलट्या बाजूला.

हिच्या मर्यादाही आहेत आणि त्या मान्यच करायला हव्यात. पाइल फार लांब आणि सडपातळ असेल, म्हणजे लांबी व्यासाच्या तीसपटीच्या पुढे गेली, तर तळाची लाट येता येता मातीत विरून जाऊ शकते. छोटे दोष दिसत नाहीत. मोठा दोष असेल तर त्याच्या खालचं काही कळत नाही. पाइल किती भार घेईल हे ती मुळीच सांगत नाही. म्हणून मोठ्या व्यासाच्या पाइलला क्रॉसहोल सॉनिक टेस्ट करतात. केजला आधीच उभे पाइप बांधून ठेवायचे, ते पाण्याने भरायचे, एका पाइपमध्ये आवाज पाठवणारा आणि दुसऱ्यात ऐकणारा प्रोब सोडायचा आणि तळापासून दोन्ही बरोबरच वर ओढत यायचे. दोन पाइपमध्ये ६०० मिलिमीटर अंतर असेल तर चांगल्या काँक्रीटमध्ये आवाजाला १५० मायक्रोसेकंद लागतात. जिथे जास्त लागले, तिथे काहीतरी गडबड आहे. पण ही टेस्ट फक्त पाइपांच्या मधलं ऐकते. केजच्या बाहेरचं, म्हणजे सळ्यांवरच्या कव्हरचं काँक्रीट हिच्याही नजरेबाहेरच राहतं. त्यासाठी आता थर्मल पद्धत आली आहे. काँक्रीट सेट होताना तापतं, ते कुठे किती तापलं हे केजला बांधलेल्या वायरने मोजायचं. जिथे काँक्रीट कमी, तिथे ऊब कमी. किती साधी कल्पना आहे ना!

असो. लेक्चर पुरे झालं. आता खरं सांगायचं ते सांगते.

माझं ट्रेनिंग एका राहत्या बिल्डिंगच्या साइटवर होतं. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. सांगण्यासारखं आहे ते माझ्याबद्दल, त्यांच्याबद्दल नाही. ७५० मिलिमीटर व्यासाचे, १८ मीटर लांबीचे पाइल, तळ कडक मुरमात. टेस्टिंगवाले सर आले होते. मी लॅपटॉप धरून बसले होते, कारण बाकी सगळ्यांचे हात चिखलाने भरलेले होते. त्या दिवशी बारा पाइल झाले. अकरा पाइलचा तळ ९ मिलिसेकंदाच्या आसपास दिसला, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी खूश! बाराव्याचा उंचवटा साडेसातलाच आला. पुन्हा ठोकून पाहिलं. साडेसात. सेन्सरची जागा बदलली, डोकं पुन्हा घासलं. साडेसात.

४००० चा वेग धरला तर साडेसात मिलिसेकंद म्हणजे १५ मीटर. ड्रॉइंगमध्ये १८. तीन मीटर कुठे गेले?

कॉन्ट्रॅक्टरचे इंजिनिअर शेजारीच उभे होते. ते अजिबात चिडले नाहीत, ओरडले नाहीत. उलट हसून म्हणाले, "अगं, काँक्रीटचा वेग काय सगळीकडे सारखा असतो का? तो बॉक्स दिसतोय ना, त्यात वेग वाढव." मी ४२०० टाकलं. रेषा थोडी खाली सरकली. "अजून." ४५०० टाकलं. "अजून थोडा." ४८०० टाकल्यावर रेषा बरोबर १८ मीटरवर जाऊन बसली. "झालं की! ओके." टेस्टिंगवाल्या सरांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. त्यांचं बिल कॉन्ट्रॅक्टरच देणार होता. ते काही बोलले नाहीत. मीसुद्धा काही बोलले नाही.

आता गणित बघा. आपण सगळे इंजिनिअर आहोत, निदान होणार आहोत. लाटेचा वेग आणि काँक्रीटचा ताठपणा यांचं नातं साधं आहे, ई म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. वेग वीस टक्के वाढला तर ई चव्वेचाळीस टक्के वाढायला हवा. ४००० ला डायनॅमिक ई येतो साधारण ३८ गिगापास्कल, ४८०० ला ५५. एकाच साइटवर, एकाच प्लँटचं, एकाच मिक्सचं, जवळपास एकाच वयाचं काँक्रीट. दोन-चार टक्के इकडेतिकडे समजू शकते. पण अकरा भावंडांसारखा असणारा बारावा पाइल अचानक भीमासारखा कसा निघाला? हे गणित माझ्या वहीत दुसऱ्या वर्षापासून आहे. तिथे बसल्या बसल्या मी ते मनात केलंसुद्धा होतं! आणि तरी माझ्या बोटांनी ४८०० टाइप केलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मुकादमकाका भेटले. मी सहज विचारलं, काका, त्या कोपऱ्यातल्या पाइलला काही झालं होतं का? त्यांनी फार आठवावं लागलं नाही. "होय ताई. त्या रात्री ट्रेमी चोक झाली हुती. नुकतं कुठं काँक्रीट पडाया लागलं हुतं. पाइप वर काढला, धुतला, परत सोडला. आसं हुतं कधी कधी." मी विचारलं, हे कुठे लिहिलंय का? ते हसले. "आमी लिवाया बसलो तर काम कोन करनार?"

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेमीचं तोंड भरलेल्या काँक्रीटमध्ये बुडलेलंच राहायला हवं. ते मधेच बाहेर आलं आणि पुन्हा वरून सोडलं, तर पहिल्या आणि दुसऱ्या काँक्रीटच्या मधे चिखलाचा थर अडकू शकतो. नुकतं कुठं पडायला लागलं होतं, म्हणजे तळापासून थोडंच वर. तीन मीटर म्हटलं तरी या व्यासाला ते जेमतेम सव्वा घनमीटर काँक्रीट. आणि आमचा उंचवटा नेमका तळापासून तीन मीटर वर! हातोडी आणि मुकादमकाका एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगत होते.

मी दुसऱ्या दिवशी धीर करून इंजिनिअर सरांना ट्रेमीचं सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, रिपोर्ट रात्रीच मेल केला. आणि काळजी करू नकोस, त्या कॅपखाली चार पाइल आहेत." माझं ट्रेनिंग संपायच्या आत त्या चार पाइलवर कॅप टाकली गेली. आता तो पाइल कुणालाच दिसणार नाही. मुलाखतीत कुणी विचारलं की ट्रेनिंगमध्ये काय शिकलीस, तर माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. त्यावर ‘एक्सलंट’ लिहिलंय.

तो पाइल वाईटच आहे असं मी म्हणत नाही, बरं का. काकांनी ट्रेमी पुन्हा नीट सोडली असेल, थर अगदी पातळ असेल, बाकीचे तीन पाइल ओझं वाटून घेतील, बिल्डिंग शंभर वर्षं उभी राहील. शक्य आहे. पण ते आता कळायला मार्ग राहिला नाही. एक कोअर काढून पाहिला असता, शेजारी एक जादा पाइल घेतला असता, निदान डिझायनरला एक फोन केला असता, तर कळलं असतं. आम्ही टेस्टला प्रश्न विचारलाच नाही. उत्तर आधी ठरवलं आणि त्याला शोभेल असा वेग शोधला.

हॉस्टेलवर ही गोष्ट सांगितली तर आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, "अगं, फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो ना अडीच! कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात तोच असतो. पण हा अडीच कशासाठी ठेवलाय? माती बोअरहोलच्या मधे कशी बदलते ते आपल्याला माहीत नसतं म्हणून. मातीवर भार नक्की कसा उतरतो त्याची सूत्रं अंदाजाची आहेत म्हणून. तो निसर्गाच्या अज्ञानासाठी ठेवलेला गल्ला आहे. त्यातून आपण आपल्या खोटेपणाचे पैसे काढायला लागलो तर गल्ला कधी रिकामा झाला हेही कळणार नाही, कारण प्रत्येक जण थोडेथोडेच काढतो. डिझायनरला वाटतं कॉन्ट्रॅक्टर नीट करेल, कॉन्ट्रॅक्टरला वाटतं डिझायनरने जास्तच धरलं असेल, आणि लॅपटॉपवर बसलेल्या ट्रेनीला वाटतं की आपण कोण सांगणारे.

गल्ला रिकामा झाल्यावर काय होतं ते हाँगकाँगने पाहिलंय. तिथल्या शा टिन भागात युएन चाउ कोक इथे सरकारी गृहयोजनेचे दोन टॉवर बांधले जात होते. तीसहून जास्त मजले चढल्यावर लक्षात आलं की बिल्डिंग वेडीवाकडी खचते आहे. खोदून तपासलं तर पाइल ठरलेल्या खोलीपेक्षा कितीतरी आखूड! कागदावर मात्र सगळे पूर्ण लांबीचे. २००० साली ते दोन्ही टॉवर पाडायचं ठरलं. राहायला एकही माणूस आला नव्हता आणि इमारत जमीनदोस्त. त्या वर्षी जूनमध्ये तिथल्या हाउसिंग अथॉरिटीच्या अध्यक्षा रोझाना वाँग यांना राजीनामा द्यावा लागला. लोक मेले नाहीत, कारण बिल्डिंगने आधी सूचना दिली. प्रत्येक बिल्डिंग एवढी सभ्य असेलच असं नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त लागलं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या मधे बे ब्रिजचा नवा पूर्व भाग बांधत होते. त्याच्या मुख्य टॉवरच्या पायाचे पाइल गॅमा-गॅमा पद्धतीने तपासले होते. पाइलमधल्या पाइपात किरणोत्सारी स्रोत सोडायचा आणि परत येणाऱ्या किरणांवरून काँक्रीटची घनता ओळखायची, अशी ती टेस्ट. २०११ साली ‘सॅक्रामेंटो बी’ या पेपरने बातमी छापली की तिथल्या राज्य वाहतूक खात्याच्या, म्हणजे कॅल्ट्रान्सच्या, एका टेक्निशियनने दुसऱ्या काही कामांवर आकडे बनावट दिले होते आणि बे ब्रिजच्या पायाचं टेस्टिंग करणाऱ्यांत तोही होता. झालं! सगळ्या पुलावर शंका. तज्ज्ञांनी पुन्हा सगळं तपासलं आणि टॉवरचा पाया सुरक्षित आहे असा निर्वाळा दिला. पूल २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सुरूही झाला. म्हणजे पाइल चांगलेच होते. पण आकडे देणाऱ्या माणसावरचा विश्वास उडाला, तेव्हा चांगल्या पाइललाही आपलं चांगलेपण पुन्हा सिद्ध करावं लागलं.

शा टिनमध्ये पाया खोटा होता. बे ब्रिजमध्ये पाया खरा होता. दोन्हीकडे पैसा, वेळ आणि अब्रू गेली ती कागदामुळे. यंत्राने दोन्हीकडे काहीच गुन्हा केला नव्हता. म्हणून मला असं वाटतं की आपण टेस्टिंगबद्दल बोलताना फक्त नवी मशीन, नवं सॉफ्टवेअर याबद्दल बोलतो, ते अपुरं आहे. आजीकडे तर फक्त बोट होतं. पण माठाचे पैसे तिचे होते, पाणी तिच्या घरचे पिणार होते, आणि ‘बद्द’ ऐकल्यावर उठून जायची तिला मोकळीक होती. आमच्या साइटवर या तिन्ही गोष्टी नव्हत्या. ऐकणाऱ्याला पैसे देणारा तोच, ज्याचा माठ विकायचा आहे!

मग करायचं काय? मी वीस वर्षांची आहे, कोड बदलणारी मी कोण. तरी चार साध्या गोष्टी सुचवते, चुकलं तर सरांनी कान धरावा.

एक, टेस्ट करणाऱ्याचे पैसे मालकाने थेट द्यावेत आणि रिपोर्ट आधी डिझायनरकडे जावा. कॉन्ट्रॅक्टरला त्याची कॉपी मिळावी.

दोन, लाटेचा वेग साइटसाठी आधी ठरवावा, ज्यांची लांबी पक्की मोजली आहे अशा काही पाइलवरून. मग एखाद्या पाइलला वेगळा वेग धरला तर का धरला ते रिपोर्टमध्ये एका वाक्यात लिहावं. ते एक वाक्य लिहायची वेळ आली असती तर मला वाटतं त्या दिवशी कुणीच ४८०० म्हटलं नसतं.

तीन, पोअर रेकॉर्ड आणि टेस्टचा ग्राफ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. कुठली गाडी किती वाजता आली, ट्रेमी किती बुडलेली होती, कुठे चोक झाली, बोअरच्या हिशेबाने काँक्रीट किती लागायला हवं होतं आणि किती लागलं. आणि ट्रेमी चोक झाली असं लिहिणाऱ्या मुकादमाला बोलणी बसू नयेत. आज खरं सांगणाऱ्याला शिव्या आणि गप्प बसणाऱ्याला ओव्हरटाइम, असा कारभार आहे.

चार, रिपोर्टमध्ये ‘ओके’ आणि ‘नॉट ओके’च्या मधे तिसरा रकाना मोठ्या अक्षरात असावा, ‘नक्की सांगता येत नाही’. या टेस्टचा स्वभावच असा आहे की काही ग्राफ धूसर येणारच. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात ना, अजून एक तपासणी करू, तेव्हा आपण त्यांना अडाणी समजत नाही. इंजिनिअरने तसं म्हटलं की त्याला काही येत नाही असं का ठरवतो?

आता आपल्या कॉलेजबद्दल. लॅबच्या मागे जुन्या क्यूबचा ढीग पडलाय तिथे बरीच जागा आहे. माझी एचओडी सरांना नम्र विनंती आहे की तिथे आपण तीन-चार मीटरचे चार छोटे पाइल टाकू या. एक अगदी चांगला. एकात मधे थर्माकोलचा तुकडा, एकात मातीची पिशवी, एक मुद्दाम आखूड. कुठला कुठे आहे ते फक्त लॅब असिस्टंट काकांना माहीत असावं आणि त्यांनी ते बंद पाकिटात ठेवावं. मग प्रत्येक बॅचने ठोकून, ग्राफ वाचून, आपलं उत्तर लिहून द्यावं. त्यानंतर पाकीट उघडायचं. चुकलेल्यांना मार्क कापू नयेत, पण ज्याने ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहून कारण दिलं त्याला पूर्ण मार्क द्यावेत. सिमेंट, खडी, वाळू आपल्याकडेच असते. हातोडी आणि सेन्सरचा सेट एखाद्या कन्सल्टन्सीकडून दोन दिवस मागून आणता येईल. आणि पहाटे उठून काँक्रीट ओतायला हॉस्टेलची मुलं-मुली आहेतच, मेसने पोहे जास्त केले म्हणजे झालं!

हे मी का सुचवते? कारण त्या दिवशी मला सूत्र येत होतं, ग्राफ कळत होता, उत्तर दिसत होतं. येत नव्हतं ते एकच, चार मोठ्या माणसांसमोर "सर, थांबा, हे पटत नाही" एवढं म्हणणं. त्याची प्रॅक्टिस कुठल्याच सेमिस्टरला होत नाही. निदान लॅबच्या मागे, चुकलं तरी कुणाचं घर पडणार नाही अशा जागी, ती एकदा व्हावी.

हा लेख वाचून आमच्या एका सरांनी विचारलं, "हे छापायलाच हवं का? उद्या प्लेसमेंट आहे." मी एक रात्र विचार केला. मग आठवलं की रिपोर्ट छापायच्या आधी मी अजिबात विचार केला नव्हता. तेव्हा हा लेख राहू दे.

येत्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण साइटवर जाल. तिथे कोणीतरी प्रेमाने तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणेल, तो बॉक्स दिसतोय ना, त्यात आकडा वाढव. तुम्ही माझ्यापेक्षा धीट असाल अशी आशा आहे. भांडू नका, भाषण देऊ नका. फक्त विचारा, "सर, का?" आणि उत्तर मिळेपर्यंत बोट कीबोर्डवरून उचलून ठेवा.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष सिव्हिल, मुलींचं वसतिगृह